सुरीवर तांबं चढलं नाही

श्रावणाची झड लागली की मोसंबीच्या बागा आजारी पडतात आणि तलवाड्याच्या शिवारात बंकटचा भाव वाढतो, हे ठरलेलंच होतं. एरवी ज्याला कुणी बस म्हणत नसे, त्याच्या दारात मोटारसायकली उभ्या राहत. कुणी म्हणे उद्या ये, कुणी म्हणे आत्ताच चल. बुंध्यातून डिंक गळायला लागला, बोराएवढी फळं देठाशी काळी पडून गळायला लागली, की त्यावर जुना आणि खात्रीचा इलाज एकच, मोरचूद आणि चुन्याचं पाणी. दुकानात नव्या औषधांच्या बाटल्या रग्गड मिळतात. पण जुने बागाईतदार मोरचुदावरच विश्वास ठेवून होते, आणि मोरचूद सांभाळणं हे येऱ्यागबाळ्याचं काम नव्हे. तो तापट असतो. एकटाच झाडावर गेला तर पान जाळतो, फळ जाळतो. चुन्यानं त्याला शांत करावं लागतं. ते माप बंकटच्या हातात आहे, असं लोक म्हणत.

खरं तर ते हातात नव्हतं, विळ्यात होतं. बंकटच्या बापानं त्याला एकच गोष्ट शिकवून ठेवली होती. पाणी तयार झालं की त्यात विळ्याचं पातं बुडवायचं, जरा धरायचं आणि वर काढायचं. पात्यावर तांबूस लाली चढली तर चुना कमी आहे, अजून घालायचा. पातं जसंच्या तसं निघालं तर खुशाल फवारायचं. बंकट पातं उजेडात धरून म्हणायचा, "बोलला विळा." मग मालकसुद्धा दोन पावलं पुढं येऊन बघायचे.

चुना भिजवण्याचं काम त्याच्या बायकोचं, सुकन्याचं. कळीचा चुना पाण्यात पडला की फसफसतो, उकळतो, अंगावर उडतो. तिच्या बोटांच्या पेरांना कायमच्या भेगा होत्या आणि भाजी चिरताना मिरची त्यात शिरली की तिच्या डोळ्यांतून पाणी यायचं. लोक बंकटच्या हाताचं नाव घेत. तिच्या हातांचं कुणी घेत नसे आणि तिलाही त्याचं फारसं काही वाटत नसे.

तिला वाटायचं ते दसऱ्याचं. दसरा उलटला की अर्धं गाव ट्रकात बसून ऊसतोडीला जायचं. तीही लग्नानंतर गेली होती. पौर्णिमा जन्मली ती उसाच्या फडावर, पाचटाच्या कोपीत, बाहेर उसाची गाडी भरत असताना. त्यानंतर बंकटचा हात चालायला लागला, आणि पावसाळ्यातल्या फवारण्यांवर, हिवाळ्यात बुंध्यांना मलम लावण्यावर त्यांचं घर गावातच राहिलं. विहाराशेजारच्या आळीत दसऱ्यानंतर कुलुपं दिसायची, त्यात त्यांचं एक दार उघडं असायचं. यंदा पौर्णिमा दहावीला होती. यंदा तर ते दार उघडं राहायलाच हवं होतं.

गावातले मोठे बागाईतदार मोहनराव यांचा फवारणीचा निरोप आला त्या संध्याकाळी घरात विळा नव्हता. त्याची मूठ निखळली होती म्हणून बंकटनं तो लोहाराकडं टाकला होता, आणि लोहार गेला होता सासुरवाडीला.

"उद्या सांच्यापारी येतो म्हनला," बंकट म्हणाला. "येकदा मोहनरावांची बाग झाली की बाकीचे आपसूक येतेत. त्येंच्या बागेकडं बघूनच सगळे फवारतेत."

पौर्णिमा पुस्तक मांडीवर घेऊन भिंतीला टेकून बसली होती. ती एकदम म्हणाली, "पप्पा, आज शाळेत मोरचुदाच्या पान्यात खिळा टाकला. लाल झाला."

"त्याला शाळा कशाला लागती? तुज्या आज्यानं मला बांधावर दाखवलं ते."

"पन का व्हतो लाल, ते सांगितलं का आज्यानं?"

बंकट हसला. "न्हाई बा. तू सांग."

"धातूंची उतरंड आसती. वरच्यात जोर जास्त, खालच्यात कमी. वरचा धातू खालच्याला त्याच्या जागंवरून उठवतो आन् सोता तिथं बसतो. लोखंड वर हाय, तांबं खाली. मोरचुदात तांबं आसतं. लोखंड पान्यात गेलं की तांब्याला हाकलतं, आन् हाकललेलं तांबं येऊन लोखंडावर बसतं. उतरंड पाठ आसली की कोन कुनाला उठवनार हे आधीच सांगता येतं."

"गावासारखंच हाय की मग," बंकट म्हणाला. "आन् चांदीचा विळा बुडवला तर?"

"कायीच व्हनार न्हाई. चांदी तांब्याच्या खाली."

"आन् लोखंडाचा?"

"व्हनारच. पान्यात मोकळं तांबं आसलं तर लोखंड त्याला सोडतच न्हाई."

बंकटनं बायकोकडं बघून मान हलवली. चुलीपाशी बसलेल्या सुकन्याला पोरीचा अभिमान वाटला. आपल्याला आयुष्यभर जे करून कळलं ते हिला पुस्तकातून कळतंय, याची तिला मजाही वाटली.

सकाळी मोहनरावांचा मुलगा पवन मोटारसायकलवर दारात आला. झड थांबली होती, ढग उंच गेले होते.

"चला बंकटदादा, उघडीप हाय तंवर उरकून घ्या. परत लागला पाऊस तर बसा बोंबलत."

"विळा न्हाई ना घरात. लोहाराकडं हाय."

"आता विळ्यासाठी बाग ठिवायची का? आमच्या घरात काय लोखंडाला तोटा हाय?"

बंकट घुटमळला. पण उघडीप खरी होती आणि मोहनरावांना नाही म्हणणं परवडणारं नव्हतं. दोघं नवराबायको पाठोपाठ निघाली.

बागेत गोठ्याशेजारच्या पत्र्याच्या खोलीसमोर प्लास्टिकचे निळे ड्रम मांडले होते. मोरचुदाला लोखंडाचा किंवा पत्र्याचा ड्रम चालत नाही, तो भांडंच खातो, हे मोहनरावांच्या घरालाही पाठ होतं. मोरचुदाची नवी पिशवी पवननं दुकानातून आणली होती. चुना मात्र खोलीतल्या कोपऱ्यातला होता. गेल्या वर्षीचं पोतं, तोंड उघडं, ओल लागून खडे फुटून पार पीठ झालेलं.

सुकन्यानं बादलीत चुना घेतला, वरून पाणी ओतलं आणि सवयीनं तोंड मागं केलं. काहीच उडालं नाही. पाणी पांढरं झालं आणि गप बसलं. तिनं बादलीला बाहेरून तळवा लावला. बादली गार होती.

"अवो, चुना तापंना."

बंकट मोरचुदाची पुरचुंडी ड्रमातल्या पाण्यात लोंबकळत सोडत होता. "आजून जरा टाक."

तिनं टाकला. काठीनं ढवळलं. पुन्हा तळवा लावला.

"ह्यो मेलेला हाय. ह्याच्यात जीव न्हाई. नवा आना म्हना."

"वैनी, चुना चुनाच आसतो," पवन मोबाईलमधून मान वर न करता म्हणाला. "आता गेवराईला जायचं, दुकान उघडायची वाट बघायची, तंवर पाऊस आला मंजी?"

बंकटनं बायकोकडं बघितलं, आभाळाकडं बघितलं. "पात्याला इचारू की. चुना कमी आसला तर ते सांगंलच. मग आजून टाकू."

हे बोलणं सरळ होतं. विळा कधी खोटं बोलला नव्हता. दोघांनी दोन बाजूंनी दोन धारा धरल्या, एक निळी, एक पांढरी, आणि तिसऱ्या ड्रमात आभाळी रंगाचं पाणी तयार झालं. रंग नेहमीसारखाच दिसत होता, जरा जास्तच निळा. पवननं घराकडं हाक मारली. त्याची आई केशरबाई स्वयंपाकघरातून एक सुरी घेऊन आली. सुरी नवी कोरी होती, लखलखीत.

"लगीच परत द्या, माजा कांदा चिरायचा राह्यलाय," ती म्हणाली.

बंकटनं सुरी पाण्यात बुडवली. जरा जास्तच वेळ धरली. बाहेर काढून उजेडात फिरवली. पातं पांढरं, स्वच्छ होतं, तिन्हीसांजेला घासून ठेवलेल्या ताटासारखं. त्यानं पुन्हा बुडवली, पुन्हा काढली. तांब्याचा डाग म्हणून नव्हता.

"बघ," तो म्हणाला.

सुकन्यानं बघितलं. पात्यात तिला तिचंच तोंड दिसलं. "आवो पन चुना..."

"अगं, लोखंड हाय ते. पोरगी काय म्हनली राती? मोकळं तांबं आसलं तर लोखंड सोडतं का?"

तिच्या हाताला जे कळलं होतं ते हातापुरतंच होतं. बंकटकडं बापाची शिकवण होती, आणि आता पोरीच्या पुस्तकाचाही आधार होता. तिनं ढवळायची काठी बाजूला ठेवली. पुढं कितीतरी दिवस ती स्वतःला हेच विचारत राहिली, की आपण तेव्हा बादली लाथाडून का दिली नाही.

केशरबाईनं चहा पाठवला. पवनला स्टीलच्या पेल्यात आणि या दोघांना कागदी कपात. गेल्या काही वर्षांपासून कागदी कप आले होते. त्याआधी गोठ्याच्या भिंतीतल्या देवळीत दोन कानतुटके कप ठेवलेले असायचे, त्यापेक्षा हे बरंच होतं. धुवायची कटकट नको म्हणून आणतो, असं केशरबाई सांगायची, आणि हे दोघं मान हलवायचे.

मग फवारणी सुरू झाली. पंपाचं इंजिन घरघरत होतं. बंकट पुढं नळी घेऊन झाडाच्या आतून, खालून, वरून पान भिजवत चालला आणि सुकन्या मागं पाइप ओढत, बुंध्यांत अडकू नये म्हणून उचलत चालली. ओली काळी माती चपलेला धरून बसत होती. तिनं चपला काढून टाकल्या. दुपारपर्यंत दोघांच्या भुवया, कानांच्या पाळ्या, गळ्याच्या वळ्या निळ्या झाल्या. पाइपच्या ओझ्यानं तिचा खांदा भरून आला. एकेक ओळ निळसर होत गेली, तशी बाग छान दिसायला लागली. मोहनराव बांधावर आले, बघून गेले. "झ्याक बंकटराव," म्हणाले. बाग चांगली असली की ते त्याला राव लावत.

शेवटची ओळ संपली तेव्हा दिवस कलला होता. मोहनराव कामासाठी बीडला निघून गेले होते. बंकट पंप धूत होता आणि सुकन्या ड्रम धुवायला घेत होती. ड्रमाच्या तळाशी पाणी शिल्लक होतं. तेवढ्यात लोहाराकडून येणारा आळीतला एक जण विळा घेऊन आला. सासुरवाडीहून आल्या आल्या लोहारानं मूठ बसवून दिली होती.

सुकन्यानं विळा हातात घेतला. तिला काही सिद्ध करायचं नव्हतं. सकाळची शंका एकदा जावी, एवढंच तिला हवं होतं. तिनं पातं तळाच्या पाण्यात धरलं आणि काढलं.

पातं लाल झालं होतं. नव्या तांब्यासारखं, कडेपासून कडेपर्यंत.

"अवो," ती म्हणाली. तिनं विळा पुढं केला.

बंकटनं विळा हातात घेतला. त्यानं पातं मातीत घासलं, पुन्हा बुडवलं. पुन्हा लाल. मग तो पळत घराकडं गेला आणि केशरबाईच्या हातून कांद्याची सुरी मागून आणली. तीही बुडवली. ती पांढरीच्या पांढरी. एका हातात विळा, एका हातात सुरी धरून तो उभा राहिला. दोन्ही लोखंडंच होती आणि दोन्ही वेगवेगळं सांगत होती.

"जळंल," तो म्हणाला. "सगळी बाग जळंल."

समोर झाडं हिरवीगार उभी होती. एका पानाला काही झालं नव्हतं. बघणाऱ्याला वाटावं, किती निरोगी बाग आहे. पण त्या दोघांना आता पुढचं सगळं दिसत होतं. आधी पानाच्या कडा करपणार, मग फळांवर चट्टे येणार, मग देठ सुटणार. पौर्णिमा म्हणाली होती तसं, काय होणार ते आधीच सांगता येत होतं. फक्त थांबवता येत नव्हतं.

"धुवून काढू," सुकन्या म्हणाली. "आत्ताच. वाळायच्या आधी."

बंकट पवनकडं गेला. "दादा, चूक झालीय. औषध कडक पडलं. लगोलग साध्या पान्यानं सगळी बाग धुवावी लागंल. मोटार चालू करा."

"लाइट कुठाय? शेतीची लाइट आता रात्री बाराला," पवन म्हणाला. "आन् काय व्हतंय येवढं? पाऊस यील, धुवून जाईल. आभाळ बघ की. तू उगं घाबरतोस."

"तंवर लई उशीर व्हईल. मालकाला फोन तरी लावा."

"लावतो, लावतो."

हौद फवारणीतच रिकामा झाला होता. विहिरीला पाणी होतं, पण वर काढायला दोर आणि बादलीच. दोघांनी विहिरीवर दोर टाकला. बंकटनं ओढायचं, सुकन्यानं घागर कमरेवर घेऊन झाडापर्यंत न्यायची, तांब्यानं पानांवर मारायची, फळं एकेक हातानं चोळायची. एक झाड धुवायला कितीतरी घागरी लागत होत्या. दोरानं बंकटच्या तळहाताची साल निघाली. सुकन्याचं लुगडं पायांना चिकटलं, चिखलात ती दोनदा घसरून पडली, एकदा घागरीसकट. अंधार पडून झाड दिसेनासं झालं तेव्हा विहिरीजवळची एक ओळसुद्धा पुरी झाली नव्हती. सारी बाग मागं पसरली होती.

"आता पाऊसच यायला पायजे," बंकट म्हणाला. "धो धो."

श्रावणात सगळं शिवार उघडीप मागत होतं आणि ही दोघं घरी येऊन दारात बसून पाऊस मागत होती. आभाळ भरून आलेलं होतं. पडेल पडेल असं वाटत होतं. सकाळी ऊन पडलं. असं ऊन, की लोकांनी महिनाभराच्या ओल्या वाकळा बाहेर टाकल्या. बायका म्हणाल्या, बरं झालं बाई, उघडलं एकदाचं. सुकन्यानंही वाकळ टाकली.

मोहनरावांचा निरोप यायला चार दिवस लागले. या वेळी मोटारसायकल आली नाही, गडी आला. "बंकट्याला बोलवलंय. बायकोला बी आन म्हनले."

बागेत शिरताच सुकन्यानं एक फांदी खाली ओढून बघितली. पानांच्या कडा विडीनं चटके दिल्यासारख्या करपल्या होत्या. फळांवर तपकिरी खपल्या धरल्या होत्या आणि झाडाखाली फळांचा सडा पडला होता, पाय ठेवायला जागा नव्हती. फक्त विहिरीजवळची काही झाडं हिरवी होती, फळं जिथल्या तिथं. त्या झाडांकडं बघून तिला क्षणभर बरं वाटलं. तेवढी तरी वाचली.

मोहनराव त्या झाडांपाशीच उभे होते.

"ह्यांला कावून काय झालं न्हाई रे?" त्यांनी विचारलं. आवाज चढलेला नव्हता.

"ती धुतली व्हती मालक. त्याच सांच्याला. जेवढी हातून झाली तेवढी."

"मंजी तुला त्याच सांच्याला ठावं व्हतं."

बंकटनं मान डोलावली.

"ठावं व्हतं आन् घरी जाऊन झोपलास."

"पवनदादाला सांगितलं व्हतं मालक. मोटार चालू करा म्हनलो, फोन लावा म्हनलो."

मोहनरावांनी पोराकडं बघितलं. पवन पायानं एक पडलेलं फळ उलटंपालटं करत होता. "बोलला आसंल कायतरी. कडक का काय म्हनत व्हता. बाग जळंल आसं काय म्हनला न्हाई."

"चुना मेलेला व्हता मालक," सुकन्या पुढं झाली. "जुना, ओल लागलेला. बादली तापली न्हाई. मी तवाच म्हनले व्हते."

"कुनाला म्हनलीस?"

तिनं ते नवऱ्याला म्हटलं होतं. पवनलाही ऐकू गेलं होतं, पण पवन चुन्यातला जाणता नव्हता आणि जाणता असल्याचं कुणी म्हणतही नव्हतं. जाणता बंकट होता. त्याच्या नावावरच बागेत बोलावलं होतं. आता पुढचा शब्द बोलावा तर नवऱ्याच्या गळ्यात फास, न बोलावा तरी फास तिथंच.

"बायकू सांगत व्हती चुना मेलाय," मोहनराव बंकटला म्हणाले. "तरी फवारलंस."

"सुरीवर तांबं चढलं न्हाई मालक. सुरी तुमच्याच घरातली..."

"आता माज्या सुरीचा दोष का बे?"

बंकटनं मान खाली घातली. सुरीचा दोष नाही, विळ्याचा नाही, पाण्याचा नाही. ज्याला सगळं कळतं असं लोक म्हणत होते, त्याला हे कळलं नव्हतं, एवढंच खरं होतं. मोहनरावांनी मारलं नाही, शिवी दिली नाही. खाली पडलेली सगळी फळं वेचून बांधाबाहेर टाका, म्हणाले. दोघांनी दिवसभर वाकून फळं वेचली. वाकलेल्या कमरा वर होईनात. दुपारी घराकडून चहा आला नाही, आणि केशरबाई ओट्यावर बसून त्याच सुरीनं कांदा चिरत होती.

संध्याकाळी पौर्णिमा शाळेतून आली ती सरळ बापासमोर बसली. डोळे सुजलेले होते.

"सरांला इचारलं मी. ती सुरी स्टीलची व्हती. स्टीलवर येक कातडी आसती म्हने, डोळ्याला दिसत न्हाई. आत लोखंडच हाय, पन ती कातडी त्याला तांब्याला हात लावू देत न्हाई." ती हुंदके द्यायला लागली. "मीच म्हनले व्हते, लोखंड सोडत न्हाई म्हनून."

"तुजं बरुबर व्हतं," बंकट म्हणाला. त्यानं तिच्या डोक्यावर हात ठेवला, तळहाताची साल केसांना लागली तसा काढून घेतला. "लोखंड सोडत न्हाईच. मलाच लोखंड वळखू आलं न्हाई."

गावात गोष्ट पसरायला दिवस लागत नाही. दारातल्या मोटारसायकली थांबल्या. बंकट स्वतः दोन-तीन बागाईतदारांच्या घरी जाऊन आला. कुणी म्हणालं औषध बदललंय, कुणी म्हणालं पुढच्या वर्षी बघू. मळ्यातला अंगद ट्रॅक्टरला जोडायचा फवारणीचा पंखा घेऊन आला होता. तो दुकानातलं तयार पाकीट टाकायचा, ड्रम नाही, चुना नाही, विळा नाही. भादव्यात बंकटच्या सगळ्या बागा त्याच्याकडं गेल्या. रस्त्यानं त्याचा पंखा घोंघावत गेला की बंकट घरात जाऊन बसायचा. सुकन्याला त्याचा राग यायचा, मग कीव यायची, आणि मग दोन्ही गिळून ती भाकरी थापायला घ्यायची. तिला एकदाच त्याला म्हणायचं होतं, की मी सांगत होते. तिनं ते कधीच म्हटलं नाही. त्याला ते ऐकू येतच होतं.

दसऱ्याच्या आधी मुकादम सटवा दारात आला. ऊसतोडीला नवराबायकोच्या जोडीला कोयता म्हणतात. एक जोडी म्हणजे एक कोयता.

"येक कोयता कमी पडतोय बंकट," तो खाटेवर बसत म्हणाला. "तू येशील का, म्हनून आलतो. तुजं काय, तू मोठा मानूस..."

"यीन," बंकट म्हणाला.

सुकन्यानं दाराच्या चौकटीला हात टेकला. आतून पौर्णिमाचा पाठांतराचा आवाज येत होता, तो थांबला.

पौर्णिमाला युसूफ वडगावला मावशीकडं ठेवायचं ठरलं. मावशीचं घर दोन खोल्यांचं, माणसं सात. शाळा नवी, तीही ऐन दहावीच्या मध्यावर. पौर्णिमानं दप्तर भरलं आणि आईच्या फाटक्या लुगड्याचा पदर मागून घेतला, पांघरायला.

निघायच्या सकाळी पाराशी ट्रक उभा होता. पत्रे, चुली, कोंबड्या, लेकरं चढत होती. सटवानं सगळ्यांना चहा दिला, कागदी कपात. मग ज्यांच्याकडं नव्हते त्यांना नवे कोयते वाटले. बंकटच्या हातात एक आला. काळं, जड पातं, धार पांढरी.

बंकटनं चहा संपवला. कप हापशाखाली धरून विसळला, अर्धा भरला. मग खिशातून एक चिंधी काढली. चिंधीत मोरचुदाचा एक खडा होता. कधीपासून तो खिशात होता कोण जाणे. त्यानं खडा कपात टाकून काडीनं ढवळला. पाणी निळं झालं. लोक बघत होते, पण त्याला त्याचं काही नव्हतं. त्यानं कोयत्याचं टोक कपात बुडवलं, जरा धरलं आणि वर काढलं.

टोक लाल झालं होतं.

"काय करतोस बे?" सटवा ट्रकच्या फाळक्यावरून ओरडला.

"लोखंड बघतो."

"ऊस तोडायला लोखंड न्हाई बघावं लागत. चढ लवकर."

बंकटनं कोयता सुकन्याला दाखवला. कितीतरी आठवड्यांनी तो तिच्या डोळ्यांत बघत होता. "चोख हाय," तो म्हणाला. "खरं लोखंड हाय."

"व्हय," ती म्हणाली. तिला रडू येत होतं, पण पौर्णिमा समोर मावशीच्या पोराबरोबर पिशवी घेऊन उभी होती, म्हणून तिनं ते आवरलं. तिनं त्याच्या हातून कप घेतला, पाणी वाटेपासून लांब, कुठल्या झाडाच्या मुळाशी जाणार नाही असं खडकावर ओतलं, आणि त्याचा हात धरून ट्रकात चढली.

कोयत्यावरची लाली बंकटनं पुसली नाही. पहिल्या फडात, पहिल्याच काही उसांवर ती निघून गेली.